पुणे डिव्हिजन आणि कुतचा वेढा

२८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावात लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली. जोसेफ बॅप्टिस्टा अध्यक्ष आणि न. चिं. केळकर चिटणीस झाले. दुसऱ्याच दिवशी, २९ एप्रिलला, बेळगावपासून हजारो किलोमीटर दूर टायग्रिस नदीच्या एका वळणात ब्रिटिश साम्राज्याच्या एका अख्ख्या फौजेनं तुर्कांपुढे शस्त्रं खाली ठेवली. गावाचं नाव कुत-अल-अमारा. शरण आलेली माणसं सुमारे तेरा हजार. फौजेचं नाव सहावी (पुणे) डिव्हिजन. १९४२ साली सिंगापूर पडेपर्यंत विसाव्या शतकात ब्रिटिशांच्या वाट्याला एवढी मोठी शरणागती आली नव्हती. त्या दिवशी या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. सव्वा वर्षानं तो जुळला, आणि तोही लंडनच्या पार्लमेंटात.

पुणे डिव्हिजन हे नाव होतं तिच्या मुख्यालयावरून. माणसं सगळ्या हिंदुस्थानातली होती: पंजाबी, राजपूत, आणि दर ब्रिगेडमागे नॉरफोक, डॉर्सेट यांसारखी एकेक गोऱ्यांची पलटण. पण तिच्या तिन्ही ब्रिगेडींत एकेक मराठा पलटण होती, हेही तितकंच खरं. सोळाव्या ब्रिगेडमध्ये ११७वी मराठा, सतराव्या म्हणजे अहमदनगर ब्रिगेडमध्ये १०३वी मराठा लाइट इन्फंट्री आणि अठराव्या ब्रिगेडमध्ये ११०वी मराठा लाइट इन्फंट्री. या पलटणींत कोकणातले आणि देशावरचे मराठे असत, सोबत दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. पूल बांधायला आणि खंदक खणायला खडकीच्या बॉम्बे सॅपर्सची तुकडी होती. फ्रान्सच्या चिखलात लढलेल्या हिंदी फौजांच्या कथा पुष्कळ सांगितल्या गेल्या. इराकच्या वाळूत मात्र त्याहून कितीतरी जास्त हिंदी माणूस उतरला. युद्ध संपेपर्यंत लढवय्ये आणि बिनलढवय्ये मिळून पावणेसहा लाखांहून अधिक हिंदी लोक मेसोपोटेमियात जाऊन आले होते, किंवा जाऊन परतलेच नव्हते.

या मोहिमेचं मूळ तेलात होतं. ब्रिटिश आरमार कोळशावरून तेलाकडे वळत होतं आणि १९१४ सालीच ब्रिटिश सरकारनं अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीत निम्म्याहून जास्त भाग विकत घेतले होते. कंपनीचा शुद्धीकरण कारखाना अबादानला, शत्त-अल-अरबच्या काठी. पलीकडचा तीर तुर्कांचा. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूनं उतरणार अशी चिन्हं दिसताच १६ ऑक्टोबर १९१४ रोजी सोळावी ब्रिगेड मुंबईहून जहाजांत बसली. शिपायांना कुठं जायचंय हेही माहीत नव्हतं. ब्रिटननं ५ नोव्हेंबरला तुर्कस्तानाविरुद्ध युद्ध पुकारलं आणि दुसऱ्या दिवशी ही ब्रिगेड नदीच्या मुखाशी फाव इथं उतरली. तिच्यात ११७वी मराठा होती. नोव्हेंबर सरायच्या आत बसरा हाती आलं, ९ डिसेंबरला कुर्ना.

तेलाचा कारखाना राखायचा, आखाती शेखांना दबदबा दाखवायचा, एवढंच काम असतं तर ते इथंच संपलं होतं.

पण विजय स्वस्तात मिळत गेले की थांबायचं कुठं हे कुणी ठरवत नाही. एप्रिल १९१५ मध्ये शैबाच्या लढाईत तुर्कांचा मोठा हल्ला मोडून पडला. त्याच महिन्यात मोहिमेची सूत्रं जनरल सर जॉन निक्सन यांच्याकडे आली आणि पुणे डिव्हिजनची कमान मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड यांच्याकडे. निक्सन पुढे सरकण्याच्या मताचे होते. टाउनशेंड हुशार, नेपोलियनचे भक्त, बँजो वाजवणारे आणि आपल्या बढतीकडे डोळा लावून बसलेले. १८९५ साली वायव्य सरहद्दीवरच्या चित्रळच्या किल्ल्यात ते ४६ दिवस वेढ्यात टिकून राहिले होते आणि त्या एका पराक्रमावर लंडनमध्ये त्यांचं नाव झालं होतं. वेढ्यात टिकून राहिलं की सुटका करणारी फौज येते आणि मागून मानसन्मान येतात, हा धडा त्यांनी चित्रळमध्ये गिरवला होता.

मे महिन्याच्या शेवटी कुर्नाच्या उत्तरेचा सगळा मुलूख पुराच्या पाण्याखाली होता. तुर्कांची ठाणी उंचवट्यांवर बेटांसारखी उभी. टाउनशेंडनी स्थानिक ‘बेलम’ होड्या शेकड्यांनी जमवल्या, काहींना लोखंडी पत्रे ठोकले आणि शिपायांना लांब बांबूनं होडी रेटायला शिकवलं. ३१ मेला ही विचित्र फौज गवतातून वाट काढत निघाली. शिपायांनी आणि साहेबांनी तिला ‘टाउनशेंडची होड्यांची शर्यत’ असं नाव दिलं. तुर्क पळाले. त्यांच्या मागे धावता धावता ३ जूनला टाउनशेंड एका लहानशा बोटीतून शंभरेक माणसांनिशी अमारा गावात शिरले आणि मोठं सैन्य मागोमाग येतंय अशी हूल देऊन त्यांनी हजाराहून अधिक तुर्की सैनिकांना शस्त्रं ठेवायला लावली. २८ सप्टेंबरला कुतही पडलं. बसऱ्यापासून नदीमार्गानं शेकडो किलोमीटर आत फौज आली होती, आणि बगदाद आता नकाशावर वीतभर दूर दिसत होतं.

या घोडदौडीच्या मागची बाजू मात्र लंगडी होती. मेसोपोटेमियात ना रस्ते होते, ना रेल्वे. सारी रसद नदीवरून, उथळ पाण्यात चालणाऱ्या बोटींनी यायची. फौज जितकी पुढे सरके तितक्या जास्त बोटी लागत, आणि बोटी तेवढ्याच राहिल्या. बसरा बंदरात धक्केच नव्हते. मुंबईहून आलेली जहाजं माल उतरवायला आठवडेच्या आठवडे ताटकळत उभी राहत. निक्सननी जुलै १९१५ मध्ये उथळ बोटी मागितल्या. बसऱ्यापासून रेल्वे टाकण्याची सूचनाही झाली. ती सिमल्याच्या अर्थखात्यानं खर्चाच्या कारणावरून बाजूला सारली. मोहीम चालवत होतं हिंदुस्थान सरकार. व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग आणि सरसेनापती सर ब्यूशँप डफ, दोघंही सिमल्यात. आघाडीचे प्रश्न तारांमधून कळणार आणि तारांमधूनच सुटणार. शांततेच्या काळातली काटकसर युद्धातही तशीच चालू राहिली. उन्हाळ्यात ताप, आमांश आणि उष्माघात यांनी पलटणीच्या पलटणी आडव्या झाल्या; बर्फ आणि औषधं वेळेवर पोचत नव्हती.

तरी बगदादचा निर्णय झाला. गॅलिपोलीत साम्राज्याची नाचक्की झाली होती. पूर्वेकडच्या लोकांना दाखवायला एखादं मोठं शहर हवं होतं, म्हणून लंडनच्या मंत्रिमंडळानं ऑक्टोबरमध्ये निक्सनना हिरवा कंदील दिला. पुरेसं बळ असेल तर पुढे जा, असा त्या हुकमाचा आशय होता. बळ पुरेसं आहे, असं निक्सनचं उत्तर. इतक्या फौजेत हे होणार नाही, दोन डिव्हिजन लागतील, असं टाउनशेंडचं मत होतं आणि ते त्यांनी लिहूनही ठेवलं. पण हुकूम झाल्यावर ते निघाले.

बगदादच्या अलीकडे टेसिफोन इथं सासानी राजांच्या महालाची प्रचंड कमान उभी आहे. तिच्या सावलीत २२ नोव्हेंबर १९१५ रोजी लढाई पेटली. पहिल्या दिवशी पुणे डिव्हिजननं तुर्कांची पहिली फळी जिंकली. दुसऱ्या दिवशी तुर्की सेनापती नुरेद्दीनच्या ताज्या पलटणींनी लागोपाठ हल्ले चढवले. तिसऱ्या दिवशी दोन्ही सैन्यांची दमछाक झाली होती. फरक इतकाच, की तुर्कांना मागून माणसं मिळत होती आणि टाउनशेंडना मिळणार नव्हती. त्यांचे सुमारे साडेचार हजार लोक ठार किंवा जखमी झाले होते. तुर्कांची हानी याहून जास्त होती. पण मैदान त्यांच्याकडे राहिलं.

या जखमींचं पुढे काय झालं तो भाग वाचवत नाही. रणांगणापासून नदीकाठापर्यंत जखमींना न्यायला स्प्रिंग नसलेल्या, खेचरांच्या सामानगाड्या होत्या. मोडक्या मांडीचा शिपाई अशा गाडीत कित्येक मैल हिंदकळत यायचा. पुढे बोटींत, रसदीच्या जागेत, त्यांना एकमेकांना खेटून निजवलं. बोटी बसऱ्याला पोचायला दिवसच्या दिवस लागले. इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर कार्टर हे तिथं इस्पितळाच्या जहाजावर होते. ‘मेदजिदिये’ नावाची बोट जवळ येताना तिच्या कडांना दोरखंड लोंबताहेत असं त्यांना दुरून वाटलं. जवळ आल्यावर कळलं, की ती माणसांची वाळलेली विष्ठा होती. जखमींना उठता येत नव्हतं आणि त्यांच्याकडे पाहणारंही कुणी नव्हतं. कित्येकांच्या जखमांवरची पहिली पट्टी रणांगणावर बांधली ती तिथपर्यंत सुटलेली नव्हती. कार्टरनी अहवाल लिहिला तर वरच्या अधिकाऱ्यांनी त्यांनाच दमात घेतलं, त्यांच्या नोकरीवर गदा आणण्याची भाषा केली. पुढे चौकशी समितीपुढे त्यांची साक्ष झाली आणि सगळ्या इंग्लंडला ती वाचावी लागली.

टाउनशेंड मागे फिरले. पाठलाग करणाऱ्या तुर्कांशी झुंजत ३ डिसेंबरला दमलेली फौज कुतला पोचली. इथं थांबायचं की आणखी मागे जायचं? कुतमध्ये रसदीचा साठा होता, माणसं चालून चालून गळून गेली होती, आणि चित्रळची आठवण सेनापतींच्या मनात ताजी होती. ते थांबले. ६ डिसेंबरला घोडदळ बाहेर पाठवून दिलं. ७ तारखेला तुर्कांनी वेढा आवळला.

कुत म्हणजे टायग्रिसच्या वळणात अडकलेलं गाव. तीन बाजूंना नदी आणि उत्तरेकडे सपाट जमीन. गावात सहाएक हजार अरब लोक राहत होते. त्यांना बाहेर घालवलं तर ते वाळवंटात मरतील म्हणून त्यांना आत राहू दिलं. आणि पुढे त्यांचीही पोटं त्याच साठ्यावर भरायची होती. वेढ्यातली लढाऊ माणसं साडेअकरा हजारांच्या घरात होती. त्यांच्याखेरीज भिस्ती, स्वयंपाकी, मोतद्दार आणि डोलीवाले मिळून साडेतीन हजार.

मराठा पलटणींच्या वाट्याला दोन अवघड ठिकाणं आली. उत्तरेकडच्या फळीच्या टोकाला मातीचा एक किल्ला होता. तो सतराव्या ब्रिगेडकडे, म्हणजे १०३वी मराठा, ऑक्सफर्डशायरची गोरी पलटण आणि त्यांच्या जोडीदारांकडे होता. नदीपलीकडे लोकरीचे गठ्ठे बांधण्याच्या कारखान्याभोवती एक वस्ती होती. साहेब तिला ‘वूलप्रेस’ म्हणत. ती ११०वी मराठा आणि १२०वी पलटण यांनी राखली. मागे नदी आणि पुढे तुर्क असं ते ठाणं शेवटच्या दिवसापर्यंत पडलं नाही. २४ डिसेंबरला, नाताळच्या आदल्या दिवशी, तुर्कांच्या तोफांनी किल्ल्याची भिंत फोडली आणि पायदळ खिंडारातून आत घुसलं. बंदुका, संगिनी, हातबॉम्ब. अंधार पडल्यावर पुन्हा हल्ला. पहाटेपर्यंत किल्ला टिकला, खंदकांपुढे प्रेतांचा खच पडला. त्यानंतर तुर्कांनी थेट हल्ल्यांचा नाद सोडला. त्यांच्या मदतीला आलेले बाहत्तर वर्षांचे जर्मन फील्डमार्शल फॉन डर गोल्ट्झ यांचाही सल्ला तोच होता: गाव भुकेनंच पडेल.

इथं टाउनशेंडच्या हातून सगळ्यात महागात पडलेली चूक झाली. आपल्याकडे जेमतेम दोन महिन्यांचं धान्य आहे, असं त्यांनी आधी कळवलं. मदतीला आलेल्या फौजेला त्यामुळे घाई झाली. फ्रान्सहून आलेल्या मीरत आणि लाहोर डिव्हिजनींचे तुकडे बसऱ्याला उतरत होते. तोफा एका जहाजात, दारूगोळा दुसऱ्यात, इस्पितळ तिसऱ्यात. सारी जुळवाजुळव होईपर्यंत थांबायला या फौजेचे सेनापती जनरल एल्मर यांना सवडच नव्हती. जानेवारीत शेख साद, वादी आणि हन्ना अशा तीन लढाया झाल्या. हन्नाला २१ जानेवारीला मुसळधार पावसात, गुडघाभर चिखलात, काटेरी तारांवर धाडलेल्या फौजेचे २,७०० लोक एका दिवसात पडले. जखमी रात्रभर गारठ्यात तसेच पडून राहिले. यानंतर चारच दिवसांनी टाउनशेंडनी वायरलेसवरून कळवलं, की गावातल्या घरांची झडती घेतल्यावर धान्य सापडलंय, अजून ८४ दिवस निघतील. ही झडती डिसेंबरातच घेतली असती तर एल्मर यांना तोफा आणि माणसं जमवायला वेळ मिळाला असता.

८ मार्चला दुजैलाच्या लढाईत नशिबानं एकदा हात दिला होता. रात्रीच्या अंधारात चालून ब्रिटिश फौज पहाटे तुर्कांच्या मोर्च्यांपाशी पोचली, तेव्हा तिथं जवळजवळ कुणीच नव्हतं. पण ठरलेल्या योजनेत आधी तोफांचा मारा होता. सेनापती तोफांची वाट बघत थांबले. तोफा वाजल्या, तुर्क जागे झाले, मोर्चे भरले. संध्याकाळपर्यंत साडेतीन हजारांची हानी झाली आणि फौज मागे फिरली. कुतच्या गच्च्यांवरून त्या तोफांचे लखलखाट दिसत होते. एल्मर यांच्या जागी आलेल्या जनरल गॉरिंज यांनी एप्रिलमध्ये पुन्हा धडका मारल्या आणि सन्नायातच्या चिंचोळ्या पट्टीत त्याही जिरल्या. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला पुराची दलदल, समोर खंदक. कुतमधल्या तेरा हजारांना सोडवण्यासाठी बाहेरच्या फौजेची सुमारे तेवीस हजार माणसं ठार किंवा जखमी झाली.

आत भाकरीचा प्रश्न रोज बिकट होत होता. गहू संपला, सातू आला. जाती नव्हती, तर विमानातून जात्याची पाळी टाकली. गवत उपटून त्याची भाजी शिजू लागली. तंबाखू संपल्यावर शिपाई चहाची पत्ती आणि झाडांची पानं ओढायला लागले. तोफा आणि गाड्या ओढणारी घोडी-खेचरं जानेवारीपासून कापली जाऊ लागली. गोऱ्या पलटणींनी ते मांस खायला सुरुवात केली. हिंदी शिपायांनी बहुतांशी नकार दिला. हिंदुस्थानातल्या हिंदू आणि मुसलमान धर्मगुरूंकडून वायरलेसवर परवानग्या मागवल्या, त्या आल्याही. पण शिपायाला भीती धर्मगुरूंची नव्हती, गावाची होती. घोडं खाल्लं ही गोष्ट गावी कळली तर पंगतीला कोण घेणार आणि घरात मुलगी कोण देणार? बहुतेकांनी ते मांस तोंडाला लावलं ते एप्रिलच्या मध्याला, रोजचं पीठ मूठभरावर आल्यानंतर. तोवर हिरड्या सुजलेल्या, दात हलणारे, पायात बळ नसलेले स्कर्व्हीचे रोगी इस्पितळात मावत नव्हते. या रोगाचे बळी मुख्यतः हिंदी शिपाईच होते. गोऱ्यांच्या अंगात निदान ताजं मांस तरी जात होतं.

तुर्क हिंदी भाषांत छापलेली पत्रकं खंदकांत टाकत होते. साहेबांना मारा, खलिफाच्या फौजेत या, असा त्यांतला मजकूर. काही मुसलमान शिपाई पळूनही गेले; पण भुकेल्या फौजेच्या मानानं तो आकडा किरकोळच होता. टाउनशेंडनी मात्र आपल्या खलित्यांतून हिंदी शिपायांच्या निष्ठेवर वारंवार शंका घेतली. याच दिवसांत त्यांनी वायरलेसवरून स्वतःच्या बढतीचीही विचारणा केली होती.

१५ एप्रिलपासून विमानं पोती टाकू लागली. वेढ्यातल्या फौजेला आकाशातून रसद देण्याचा जगातला हा पहिला प्रयत्न. पोती टाकायला नीट साधन नव्हतं. काही टायग्रिसमध्ये पडली, काही तुर्कांच्या ओळींत. पंधरा दिवसांत पोचलं ते साडेसात टनांच्या आसपास, आणि खाणारी तोंडं होती वीस हजारांच्या घरात. २४ एप्रिलच्या रात्री ‘जुलनार’ नावाची बोट २७० टन धान्य घेऊन तुर्कांच्या तोफांमधून निघाली. नदीत आडव्या बांधलेल्या लोखंडी दोरात ती अडकली. तिच्यावरचे दोन अधिकारी, फर्मन आणि काउली, यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. धान्य तुर्कांना मिळालं.

शेवटचा डाव पैशाचा होता. ब्रिटिशांनी फौज सोडून देण्याच्या बदल्यात आधी दहा लाख पौंड देऊ केले, मग वीस लाख, वर तोफा. बोलणी करायला जे अधिकारी गेले त्यांत कॅप्टन टी. ई. लॉरेन्स होते, पुढे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजले तेच. तुर्की युद्धमंत्री एन्वर पाशानं हा सौदा झिडकारला आणि लाच देऊ केल्याची बातमी जगभर केली. २९ एप्रिलला, वेढ्याच्या पाचव्या महिन्यात, कुतच्या फौजेनं तोफा फोडल्या, काडतुसं नदीत टाकली आणि तुर्कांना गाव दिलं. तुर्की सेनापती हलील पाशानं टाउनशेंडची तलवार त्यांना परत केली. टाउनशेंडचा कुत्रा स्पॉट यालाही सन्मानानं बसऱ्याला पोचवलं. हजारभर मरणासन्न रोग्यांची अदलाबदल झाली. इंग्रजांना मदत केली म्हणून गावातल्या काही अरबांना फाशी दिलं.

सेनापतींची पुढची वाट वेगळी आणि शिपायांची वेगळी. टाउनशेंड कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर एका चांगल्या घरात राहिले, आल्यागेल्यांना भेटले. १९१७ साली कैदेत असतानाच त्यांना ‘सर’ किताब मिळाला. शिपायांना कुतच्या वर शुमरान इथं उघड्यावर बसवलं आणि खायला दगडासारखी बिस्किटं दिली. महिनोन् महिने उपाशी राहिलेल्या आतड्यांना ती सोसली नाहीत आणि पहिल्याच आठवड्यात कित्येक माणसं दगावली. मग पायी बगदाद, तिथून थोडी रेल्वे, मग तिक्रित, मोसुल आणि नुसेबिनवरून रास-अल-ऐनपर्यंतची शेकडो किलोमीटरची पायपीट. उन्हाळा, अनवाणी पाय, बरोबरच्या पहारेकऱ्यांच्या काठ्या. जो मागे राहिला तो राहिला. गोऱ्या शिपायांपैकी सत्तर टक्के कैदेत मेले. नऊ हजारांवर हिंदी शिपाई आणि नोकरांपैकी अडीच हजारांच्या आसपास. पुष्कळांना बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं होतं.

रास-अल-ऐनला या कैद्यांनी आणखी एक भयंकर गोष्ट पाहिली. आदल्याच वर्षी तुर्की सरकारनं आर्मेनियन लोकांचे तांडे याच वाटेनं वाळवंटात हाकून मारले होते. ओसाड घरं आणि विहिरींतले सांगाडे अजून तिथंच होते. बंगाल अँब्युलन्स कोअरचा स्वयंसेवक शिशिर सर्बाधिकारी यानं हे सारं रोजनिशीत टिपलं, ती पहारेकऱ्यांपासून लपवून सांभाळली आणि पुढे बंगालीत ‘अभि ले बगदाद’ या नावानं प्रसिद्ध केली. कोलकात्याचे डॉक्टर कॅप्टन कल्याण मुखर्जी यांनी युद्धावरून आईला लिहिलेल्या पत्रांत साम्राज्याच्या हावेवर टीका केली होती. ते १९१७ साली रास-अल-ऐनलाच तापानं गेले. त्यांची पत्रंही त्यांच्या घरच्यांनी बंगालीत छापली. कोकणातून आणि साताऱ्याकडून गेलेल्या शिपायांपर्यंत लेखणी फारशी पोचलेली नव्हती. त्यांचं कुत तुर्कांच्या, इंग्रजांच्या आणि या बंगाली पुस्तकांच्या कडेकडेनंच शोधावं लागतं.

लंडनमध्ये संताप उसळला. फेब्रुवारी १९१६ मध्येच मोहीम हिंदुस्थान सरकारकडून काढून लंडनच्या युद्धखात्यानं हाती घेतली होती. ऑगस्टमध्ये लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांच्या अध्यक्षतेखाली मेसोपोटेमिया कमिशन बसलं. जून १९१७ मध्ये त्याचा अहवाल बाहेर आला. निक्सन, हार्डिंग, डफ या सगळ्यांवर त्यात ठपका होता. सिमल्याच्या काटकसरीचे आणि बेफिकिरीचे पुरावे पानोपानी होते. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. १२ जुलैच्या चर्चेत एडविन मॉन्टेग्यू यांनी हिंदुस्थान सरकारचं यंत्र किती लाकडी, किती लोखंडी आणि आधुनिक काळाला किती निरुपयोगी आहे ते पार्लमेंटला सुनावलं. काही दिवसांतच तेच भारतमंत्री झाले. आणि २० ऑगस्ट १९१७ रोजी त्यांनी जाहीर केलं, की हिंदुस्थानात जबाबदार राज्यपद्धती टप्प्याटप्प्यानं आणणं हे सरकारचं धोरण आहे. या घोषणेमागे होमरूलची चळवळ होती, लखनौ करार होता, युद्धातल्या मदतीची परतफेड होती. पण ज्या माणसानं ती केली तो त्या खुर्चीत बसला तो कुतच्या अहवालामुळे. इंग्रजांइतका कार्यक्षम कारभार हिंदी लोकांना जमणार नाही, या युक्तिवादाची हवा त्या अहवालातल्या बोटींनी, बंदरानं आणि खेचरगाड्यांनी काढून घेतली होती.

युद्धखात्यानं पैसा ओतला. बसऱ्याजवळ धक्के बांधले, रेल्वे टाकली, नदीत बोटींचे ताफे सोडले. हिंदुस्थानातून मजुरांच्या आणि तुरुंगातल्या कैद्यांच्या तुकड्या पाठवल्या. फेब्रुवारी १९१७ मध्ये जनरल मॉड यांनी कुत परत घेतलं आणि ११ मार्चला बगदाद. याचा अर्थ असा, की सिमल्याला जमेना ते वर्षभरात जमण्याजोगं होतं. इकडे मुंबईत जहाजांनी जखमी येत होते. नव्यानंच बांधून झालेली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची इमारत लष्करी इस्पितळ म्हणून वापरात होती.

टाउनशेंडनी युद्धानंतर आपल्या समर्थनाचं पुस्तक लिहिलं, पार्लमेंटात निवडून आले आणि १९२४ साली वारले. त्यांच्या पुस्तकातून आपण शौर्यानं वेढा लढवला हे ठसतं. शिपायांच्या मरणकैदेबद्दल त्यांना फारसं काही करावंसं वाटलं नाही, हा त्यांच्यावरचा आरोप इतिहासकारांनी आजवर मागे घेतलेला नाही. हलील पाशानं आडनाव घेण्याची वेळ आली तेव्हा ‘कुत’ हेच आडनाव घेतलं. मराठा पलटणी नव्यानं उभ्या राहिल्या. ११७वीला ‘रॉयल’ हा मान मिळाला. १९२२च्या पुनर्रचनेत १०३वी, ११०वी आणि ११७वी या मराठा रेजिमेंटच्या पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या बटालियनी झाल्या. तीच रेजिमेंट आजची बेळगावची मराठा लाइट इन्फंट्री. साताऱ्याजवळच्या अपशिंगे या गावानं पहिल्या महायुद्धात निरनिराळ्या आघाड्यांवर ४६ माणसं गमावली.

आणि मेसोपोटेमियात ज्यांना थडगंही मिळालं नाही, अशा साम्राज्याच्या चाळीस हजारांहून अधिक मृतांसाठी १९२९ साली बसऱ्यात स्मारक उभं राहिलं. १९९७ साली सद्दाम हुसेन यांच्या हुकमानं ते जसंच्या तसं उचलून नासिरियाच्या रस्त्यावर, वाळवंटात नेलं. त्याच्या फरशांवर गोऱ्या शिपायांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. हिंदी शिपायांची नाहीत. प्रत्येक पलटणीच्या नावाखाली मेलेल्यांचा फक्त आकडा कोरलेला आहे.